दगडाला न शिवलेली बतूल

बतूलखालाला लिहितावाचता येत नव्हतं आणि त्याचं तिला तिळभरही वाईट वाटत नसे. "माझी अक्षरं माणसाच्या तोंडावर असतात," असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता समोरच्याच्या ओठांकडे, हिरड्यांकडे अशी निरखून बघायची की भला माणूससुद्धा तोंडावर हात ठेवायचा. सुदानमधल्या अतबरा गावात, रेल्वेच्या चाळींत, तिला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. सगळे तिला जरा टरकूनच असत. आणि टरकू नये तर काय करावं? तुमच्या नुसत्या श्वासावरून तुम्ही काय गिळलंय ते जिला कळतं, तिच्यापुढे थापा किती वेळ चालणार?

एकोणीस वर्षं तिने सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात फरशी पुसली. हुद्दा विचाराल तर सफाईवाली. पण विष पोटात गेलेला माणूस आला की त्याची उलटी पहिल्यांदा कुणाच्या पुढ्यात येते? डॉक्टर अजून हात धूत असतो, ती येते फडकं घेऊन बसलेल्या बाईच्या पुढ्यात. बतूल फडकं टेकवायच्या आधी वाकून वास घ्यायची. मालट्रकचा ड्रायव्हर नळीने टाकीतलं डिझेल ओढायला गेला आणि घोटभर पोटात गेलं, असं महिन्यातून एकदा तरी व्हायचं. घरचे त्याला तिथेच उताणा पाडून घशात बोटं घालायला लागले की बतूल त्यांची मनगटं धरायची. "पोटात आहे तोवर निदान एका जागी आहे. वर काढलंत की फुप्फुसात शिरेल, मग हा धाप लागून जाईल. सोडा त्याला."

नदीकाठच्या भाजीच्या मळ्यांतून औषध फवारणारे मजूर यायचे. ऊन लागलं म्हणून आणलेले. बतूल बघायची: तोंडातून लाळेची धार, डोळे गळतायत, घामाने निथळतोय आणि बाहुल्या मात्र तिळाएवढ्या. उन्हाने बाहुली कधी तिळाएवढी होत नाही. जवळ गेलं की लसणासारखा उग्र दर्प. "याचे कपडे आधी फाडा आणि अंग धुवा, विष कातडीतून अजून आत चाललंय," असं ती कोपऱ्यातूनच सांगायची. खार्तूमहून आलेले नवे डॉक्टर पहिले आठ दिवस तिला "बाजूला हो" म्हणत आणि नवव्या दिवशी "खाला, जरा इकडे या हो" म्हणत. तिने कधी कुणाला मागचं ऐकवलं नाही. बादली खाली ठेवायची आणि यायची.

बशरीची गोष्ट तर चाळीतली पोरंसोरंही सांगतील. बशरी रेल्वेच्या कारखान्यात फिटर, बतूलच्या घरापासून चौथ्या दाराचा. त्याला नाईलमध्ये जाळं टाकायचा नाद. जाळ्याला शिशाची वजनं लागतात, ती हा बहाद्दर घरीच ओतायचा. जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, चुलीवर कढई ठेवायची आणि बायकोचा स्वयंपाक उरकला की त्याच कोंदट खोलीत शिसं वितळवत बसायचं. वर्षभराने पोटात अशा कळा यायला लागल्या की गडी खाटेवर गुडघे छातीशी घेऊन ओरडायचा. एका डॉक्टरने गॅस सांगितला, दुसऱ्याने वात, तिसऱ्याने सांगितलं उद्या सकाळी पोट फाडून बघू. त्या संध्याकाळी बतूल खाटेखालची फरशी पुसत होती. ती उठून उभी राहिली.

"तोंड उघड."

"तू कोण?" बशरी म्हणाला.

"उघड म्हणते ना. उद्या पोट उघडू देणार आहेस, आज तोंड उघडायला काय होतंय?"

हिरड्यांच्या कडेने निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीने ओढावी तशी. मग तिने त्याला हात पुढे करायला सांगितलं. मनगट उचलेना, लोंबत राहिलं. "शिसं कुठे वितळवतोस रे?" तिने विचारलं. बशरी रडायलाच लागला म्हणतात. पोट फाडायचं राहिलं, औषध सुरू झालं आणि दोन महिन्यांनी गडी कामावर गेला. बतूल तेवढ्यावर थांबली नाही. त्याच्या घरी जाऊन तिने ती कढई उकिरड्यावर भिरकावली आणि त्याच्या बायकोला, नइमातला, दारातच सांगितलं, "पुन्हा याने घरात शिसं वितळवलं तर तुझ्या हातचं पाणीसुद्धा पिणार नाही." तेव्हापासून दर ईदला बशरीच्या घरचं पहिलं ताट बतूलकडे जायचं. सख्ख्या मावशीसारखी होती ती त्यांना.

दगडाची गोष्ट मात्र निराळी. बाजारात केसांचा रंग म्हणून काळा दगड मिळतो, कोळशासारखे चमकणारे खडे. कुटून पाण्यात भिजवले की पाणी गर्द तपकिरी होतं. बायका तो केसांना लावतात आणि घाई असली की मेंदीतही कालवतात, कारण लग्न झालेल्या बाईचे तळवे काळेभोर हवेत, लाल मेंदी म्हणजे पोरखेळ. निव्वळ मेंदीला तो रंग चढवायचा तर तीन दिवस, तीन लेप आणि दर लेपानंतर तल्ह लाकडाचा धूर. दगड घातला की तासाभरात काम फत्ते. लावणारीला सोपं, लावून घेणारीला सोपं. कुणाकुणाच्या कातडीला फोड येतात, तेही लोक सोसतात. पण हाच दगड चिमूटभर जरी पोटात गेला तरी काय होतं ते बतूलने एकोणीस वर्षं पाहिलं होतं. आधी ओठ, मग चेहरा, मग गळा रेड्यासारखा सुजतो. जीभ तोंडात मावत नाही. श्वासाची वाटच बुजते. त्यातून कुणी वाचलीच, तर लघवी काळ्या चहासारखी होते, अंगातलं मांस विरघळून त्याचा गाळ मूत्रपिंडात बसतो आणि ती बंद पडतात. उतारा नाही. दूध नाही, मध नाही, मंत्रतंत्र करणाऱ्या फकीने फुंकलेलं पाणी नाही. वेळेत गळ्याला भोक पाडून नळी घातली आणि अंगात बाटल्यांवर बाटल्या पाणी सोडलं, तरच आशा.

किती बायका पाहिल्यास असं विचारलं तर बतूल आकडा सांगत नसे, नावं सांगत असे. त्यांतल्या बहुतेकींनी दगड मुद्दाम घेतलेला असे, कुणी नवऱ्याला कंटाळून, कुणी नको त्या स्थळाला. त्यामुळे दगडाचं नाव निघालं की पोलीस येतो. स्वतःचा जीव घेणं हा गुन्हाच, आणि गुन्ह्याहून वाईट म्हणजे त्या घराची गावभर होणारी कुजबुज. म्हणून घरची माणसं बाईला दवाखान्यात आणायच्या ऐवजी मासळी बाधली म्हणत दूध पाजत बसायची, आणि आणायची तेव्हा उशीर झालेला असायचा. याची बतूलला विषापेक्षाही जास्त चीड यायची.

नोकरी संपली तेव्हा ती आईचा धंदा करायला लागली, मेंदी लावायचा. आणि पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, माझ्या वाटीत दगड येणार नाही. बायका हसल्या. पण तिचा तिसरा लेप उतरला की तळवा असा काळा निघायचा, त्यात खोल कुठेतरी लाल, की हसणाऱ्या गप्प झाल्या. चौदा वर्षांत तिने हजारभर नवऱ्या नटवल्या असतील. "बतूलची मेंदी" म्हणजे दगडाविना मेंदी, हे इतकं पक्कं झालं होतं की नवऱ्या मुलाकडच्या बायका मुलीचा हात नाकाशी नेऊन तपासायच्या आणि मान डोलवायच्या. तिच्याजवळ एवढी एकच गोष्ट होती असं म्हणा. ना मूल, ना घर स्वतःचं. होती ती फक्त ही अब्रू.

बशरी आणि नइमातच्या मुलीचं, रौदाचं, लग्न ठरलं आणि मेंदी बतूलचीच हे कुणी बोलूनही दाखवलं नाही. ते ठरलेलंच होतं. पण नवरा मुलगा जेद्दाला नोकरीला, त्याला आठच दिवसांची रजा मिळाली, आणि लग्न एकदम अलीकडे आलं, ईदच्या दुसऱ्या दिवशी. रमजान संपायला दोन दिवस उरले असताना नइमात बतूलच्या दारात येऊन उभी राहिली. रोजाने तोंड सुकलेलं आणि डोक्यात शंभर कामं.

"खाला, तीन दिवस रोज बसायला सवड नाही माझ्याकडे. उद्या रोजा सुटला की बसायचं आणि उठायचं ते काळे हात घेऊनच."

"एका बैठकीत लाल होतील. काळे नाही होणार."

"चिमूटभर दगड घाल."

"नाही घालणार."

"अगं चिमूटभर. सगळं गाव घालतंय, कोण मेलं?"

बतूलने नावं सांगायला सुरुवात केली. नइमातने हात वर केले. "पुरे. माझ्या मुलीच्या लग्नाला मेलेल्यांची यादी नको वाचूस. तुझी मेंदी म्हणजे उंटाची चाल आहे."

"उंट पोचतो तरी."

"वरात निघून गेल्यावर पोचतो. इख्लासला बोलावते मी. ती तासात करते."

"बोलाव. पण मग त्या घरात मी पाऊल टाकणार नाही."

"नको टाकूस," नइमात म्हणाली, आणि गेली. दोघींनाही ते बोलणं लागलं होतं आणि दोघीही हटवादी. बतूलने त्या दिवशी दारापुढचं अंगण तीनदा झाडलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बशरीच्या घरून आवाज आले. मांडवाच्या खुर्च्या अजून आल्या नव्हत्या आणि बशरी निवांत झोपला होता, एवढंच कारण. पण नइमातचा आवाज चौथ्या दारापर्यंत काय, चौदाव्या दारापर्यंत गेला. "या लग्नाआधी मीच मरते एकदाची, मग झोपा सगळे." उपाशीपोटी माणूस काय वाटेल ते बोलतो. कुणी लक्ष दिलं नाही, पण ऐकलं सगळ्यांनी.

संध्याकाळी बांग झाली. बतूलने खजूर तोंडात टाकला, पाणी प्याली, एकटीनेच. जेमतेम अर्धा पाऊण तास गेला असेल, रौदा धावत आली. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही.

"खाला, आईचं तोंड सुजलंय. बोलता येत नाहीये तिला."

काल काय शपथ घेतली होती ते बतूलला आठवलं असेल का? आठवलं असलं तरी ती तोवर उंबऱ्याबाहेर पडली होती. "काय प्याली?" तिने धावता धावता विचारलं.

"सगळे प्याले तेच. हिलू-मुर."

आता हिलू-मुर न पिता आपल्याकडे रोजा सुटतो का? जोंधळ्याच्या आंबवलेल्या पापुद्र्यांचं ते गर्द तपकिरी पाणी, साखर घातली तरी मसाल्याने कडसर लागायचंच. ते चांगलं की नाही ते त्या कडवटपणावरूनच ठरवायचं.

नइमात खाटेवर बसली होती. ओठ जाड झालेले, डोळ्यांच्या फटी राहिलेल्या. एक शेजारीण तिला दूध पाजत होती आणि ते दोन्ही बाजूंनी ओघळत होतं. "मासळी बाधली," शेजारीण म्हणाली. बतूलने तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं. नइमातची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. जीभ फुगलेली आणि तिची कड तपकिरी पडलेली.

मग ती स्वयंपाकघरात गेली. ताटात हिलू-मुरचा जग, भोवती स्टीलचे पेले. एक पेला जरा बाजूला, ओट्याच्या कोपऱ्यात, तळाशी दोन बोटं पाणी. तिने हुंगलं. मसाला नाही, मेथी नाही, आलं नाही. आपल्या पांढऱ्या पदराचं टोक तिने त्यात बुडवलं आणि वर धरलं. डाग तिच्या डोळ्यांदेखत काळा होत गेला.

तिने बशरीला अंगणात ओढलं. "दगड आहे."

"आमच्या घरात दगड नाही," बशरी म्हणाला. मग त्याचा चेहरा उतरला. "दुपारी ती म्हणाली होती..."

"दुपारचं राहू दे."

"तू घरात नव्हतीस खाला. तुला काय माहीत तिने कसा घेतला?"

"तिची डावी मूठ उघडून बघ. अर्धा खाल्लेला खजूर आहे. जीव द्यायला निघालेली बाई खजूर हातात धरून पीत नाही. तहानेने घोट घेतलाय तिने, चुकीच्या पेल्यातून."

बशरीने बाहेर मांडवाकडे पाहिलं. नवऱ्या मुलाचे काका खुर्च्यांवर बसून चहाची वाट बघत होते. "दवाखान्यात नेलं की पोलीस येणार. दगड म्हणाले की झालं. रौदाचं लग्न मोडेल. उद्यापर्यंत सूज उतरली तर?"

"तुझ्या हिरडीवर रेघ होती तेव्हा तूही गॅस म्हणत होतास," बतूल म्हणाली. "ऐक, तासाभरात तिचा गळा बंद होईल. मग लग्नाच्या मांडवात मयत. गाडी आण."

तो गाडी आणायला धावला. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर कदाचित फकीला बोलवायला गेला असता, पण या माणसाने बतूलचं एकदा ऐकलं होतं.

दवाखान्यात पोचेपर्यंत नइमातच्या छातीतून शिटीसारखा आवाज यायला लागला होता. अपघात विभागात मुअतस्सिम नावाचा तरुण डॉक्टर एकटाच, मोठे सर्जन रोजा सोडायला घरी गेलेले. आणि दारात टेबल टाकून बसलेला हवालदार. विषाची केस असली की कागद आधी, हात नंतर, हा तिथला नियम. नियम कुणी केला होता देव जाणे, पण त्याच्या पायी किती बायका त्या दारातच गेल्या हे बतूलला पाठ होतं.

"काय घेतलंय?" हवालदाराने विचारलं.

बतूल म्हणाली, "दगड."

हवालदाराने पेन उचललं. "स्वतः घेतला?"

पाठोपाठ आलेल्या चाळकऱ्यांतून कुणीतरी हळूच म्हणालं, "दुपारी मरते म्हणत होती." मेंदी लावायला आलेली इख्लासही त्या घोळक्यात होती, ती दोन पावलं मागे सरली. "मी अजून पिशवीसुद्धा उघडली नव्हती," ती पुटपुटली, आणि ते खरंच असावं. हवालदाराने बशरीकडे पाहिलं. "घरात दगड कुणी आणला?" बशरीला खरोखरच माहीत नव्हतं. तो खाली बघत राहिला. ज्या दगडाला धनी नाही तो बाईनेच आणला, बाईनेच घेतला, असा हिशोब त्या कागदावर नेहमीच होत आला होता. एकदा तसं लिहिलं गेलं की जगलेल्या बाईलाही कोर्ट आणि तिच्या मुलीला जन्माचा बट्टा. आणि नइमातला तर बोलता येत नव्हतं. पेनचं टोक कागदावर टेकलं.

"लिही," बतूल म्हणाली. "दगड माझा."

सगळे तिच्याकडे वळले.

"मेंदीत घालायला मी भिजवला होता. त्यांच्या ओट्यावर, हिलू-मुरच्या शेजारी ठेवला आणि सांगायला विसरले. बाई चुकून प्याली. चूक माझी. लिहिलंस? आता हिला आत जाऊ दे."

"बतूलखाला, तू?" हवालदाराच्या स्वतःच्या बायकोचे तळवे तिने रंगवले होते. "तू तर दगडाला शिवत नाहीस."

"शिवते. लिही आणि अंगठा घे."

बशरीने मान वर केली. काल काय झालं होतं ते त्याला माहीत होतं. आज ही बाई त्याच्या घरात सूज आल्यानंतर आली हेही माहीत होतं. एक शब्द बोलला असता तर ती सुटली असती आणि नइमात अडकली असती. त्याने मान पुन्हा खाली घातली. त्याला नावं ठेवायची तर खुशाल ठेवा, पण त्याच्या जागी उभं राहून ठेवा.

मुअतस्सिमने आत नळीचा डबा उघडला आणि तो दाराकडे बघायला लागला. त्याने असा गळा एकट्याने कधी उघडला नव्हता. "सर्जनला बोलावू का खाला?" त्याने विचारलं.

"बोलवा. पण ते येईपर्यंत ही नसेल. मी डोकं धरते. मधोमध, खाली, गळ्याखालच्या खड्ड्याच्या वर दोन बोटं. तुम्हाला येतं ते. मला नुसतं बघून माहीत आहे, तुम्ही तर शिकलात."

त्याने चिरलं. रक्त आलं, मग नळी आत गेली, आणि कुणी रबराचा फुगा सोडावा तसा आवाज होऊन नइमातची छाती भरली. बतूलने तिच्या मुठीतला खजूर काढून घेतला, तो अजून तिथेच होता. मग ती बाहेर येऊन टेबलावर शाईत अंगठा बुडवून उभी राहिली.

ईदची सकाळ तिने चौकीतल्या बाकावर काढली. दुपारी बशरी चाळीतल्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन आला, आमची तक्रार नाही, आम्ही माफ केलं, असं त्याने लिहून दिलं, तेव्हा तिला सोडलं. खोट्या गुन्ह्याची खरी माफी. घरी जाताना तो तिच्या मागे चार पावलं चालत होता. "खाला," तो म्हणाला. ती म्हणाली, "लघवी काळी होईल, घाबरू नका. खार्तूमला घेऊन जा, तिथे यंत्राने रक्त धुतात. आजच."

लग्न गाजावाजा न करता लागलं, नवरा मुलगा रजा संपवून परत गेला, मुलीला नंतर नेईन म्हणाला. नइमात खार्तूमला यंत्राखाली. आणि बतूलकडे कुणी येईना. लोकांना अशा वेळी किती आनंद होतो ते बघायला हवं. चौदा वर्षं ज्यांना तिने दगडापायी परत पाठवलं त्या सगळ्या बोलायला लागल्या. आम्हाला उपदेश आणि स्वतःच्या वाटीत दगड. ती तिसऱ्या लेपाची जादू हीच का? नुसत्या मेंदीने कधी काळं होतं होय? बाजारात पोरं तिला दगडवाली म्हणायची. ज्या कोनाड्यात तिची मेंदीची वाटी असायची तिथे तिने कांदे ठेवले. कुणी खोदून विचारलंच तर म्हणायची, "माणसाकडून चूक होते." आतून काय वाटत होतं ते तिने कुणाला दाखवलं नाही, पण त्या दिवसांत ती फार झोपायची आणि फार कमी खायची.

चाळीस दिवसांनी रौदाला जेद्दाला पाठवायचं ठरलं. नइमात परतली होती, निम्म्याने वाळलेली. मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली होती, गळ्यात नळी अजून होती, आणखी दोन आठवड्यांनी काढायची होती. निरोपाआधी मेंदी हवीच. रौदाने कुणाला न विचारता स्वतः जाऊन बतूलला बोलावलं, आणि तीन दिवस आधी. बतूल यायला तयार नव्हती. "लोक तुलाही नावं ठेवतील गं," ती म्हणाली. रौदाने कांदे कोनाड्यातून खाली काढून ठेवले.

तिसऱ्या लेपाच्या दिवशी दुपारी अंगण बायकांनी भरलं होतं. बतूल वाटीत मेंदी कालवत होती. ती आत आल्यापासून गप्पांचा सूर बदललाच होता. कुणी चहा दिला, पण कुणी तिच्या शेजारी बसलं नाही. शेवटी बाजारातल्या मसालेवाल्याची बायको, तिला कधी राहवत नसे, गोड आवाजात म्हणाली, "खाला, आज तरी वाटीत निव्वळ मेंदीच आहे ना? की पेले झाकून ठेवायचे आम्ही?"

दोघीतिघी हसल्या. बतूल मान खाली घालून कालवत राहिली. रौदाने हात पुढे केला होता तो तसाच राहिला.

खाटेवर नइमात बसली होती. नळी घातल्यापासून तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता. बोलायचं तर नळीच्या तोंडावर बोट दाबावं लागतं, आणि ती ते करत नसे. खुणांवर भागवायची, सगळ्यांना वाटे तिला जमतच नाही. ती उठली. भिंतीला धरून अंगणाच्या मध्यावर आली, नवऱ्या मुलाच्या आत्याच्या अगदी समोर, आणि तिने गळ्यावर बोट ठेवलं.

"दगड मी आणला," ती म्हणाली. आवाज पत्रा खरवडल्यासारखा होता, पण शब्द स्वच्छ. "बाजारातून. चोरून. ही नाही म्हणाली म्हणून. मीच कुटला. मीच भिजवला, इख्लासचा वेळ वाचावा म्हणून. मीच प्याले." तिला दम लागला. बोट काढून तिने नळीतून श्वास घेतला, सगळ्या अंगणाने तो आवाज ऐकला, आणि पुन्हा बोट ठेवलं. "ही तेव्हा घरात नव्हती. ही कधीच..."

पुढचं जमेना. खोकला आला, नळीतून फेस आला. मसालेवाल्याची बायको खाली बघत होती. आत्याबाईंनी कपाळ आक्रसलं, मग नइमातला बसायला आपली गादी सरकवली. नइमातने पुन्हा बोट वर नेलं.

बतूल वाटी बाजूला ठेवून तिच्यापर्यंत पोचली होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात मेंदीने भरलेले, पुसताही येईना. तिने कोपराने नइमातचं मनगट खाली दाबलं.

"बोट काढ," ती म्हणाली. "एवढं बोलायला कुणी सांगितलंय? श्वास घे आधी."